बोळातल्या पडशाचा आलेख

मला आयुष्यात कधी पडसं झालं नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्याशिवाय पुढच्या प्रकरणात माझी अब्रू किती गेली, याचा वाचणाऱ्याला अंदाज यायचा नाही. कुणाला गळ्याचा अभिमान असतो, कुणाला मिशांचा. मला नाकाचा होता. ऐन थंडीत वर्गातली पन्नास पोरं नाक ओढत असायची आणि मी फळ्यावर त्रैराशिक मांडत असायचो. माझ्या रुमालाची घडी सोमवारी जशी खिशात जाई तशीच शनिवारी बाहेर निघे. "यात धुवायचं काय?" असं आमची दाक्षायणी म्हणायची. बायकोच्या तोंडून एवढी स्तुती मला दुसऱ्या कुठल्याही बाबतीत ऐकायला मिळालेली नाही.

आमचा बोळ गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, बावीस घरांचा. शेजारी महादेवप्पा, सुताचे व्यापारी. त्यांची थोरली मुलगी सावित्रम्मा. तिला मीच घरी बसवून अपूर्णांक शिकवले होते, आणि ते तिला शाळेतल्या पोरांपेक्षा लवकर समजले हे मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. तेहतीस सालच्या मार्गशीर्षात दुधनीच्या एका घराशी तिचं जमत आलं. मुलाला वडील नव्हते, सगळा कारभार चुलत्यांच्या हाती. त्यांचं नाव बसलिंगप्पा. ते एका सकाळी घर बघायला आले आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं.

बसलिंगप्पांना जबर पडसं झालं होतं. एरवी त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण ते शकुन फार मानायचे. शिंक आली की पाऊल पुढं टाकायचं नाही, जवळच्या दारात टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग उठायचं, असा त्यांचा नेम. शिंक दुसऱ्याची असो की स्वतःची, नेमात फरक नाही. बोळाच्या तोंडाशी टांगा सोडला आणि महादेवप्पांच्या दारापर्यंत पोचायला त्यांना पाऊण तास लागला. सहा घरांच्या कट्ट्यांवर ते बसले, पाच घरचं पाणी प्याले. राहिलेलं घर बोळाच्या तोंडाशीच, करकंबच्या बजाबाईंचं. तिथं ते नुसतेच बसले, कारण लिंगायताखेरीज कुणाच्या हातचं पाणी ते घेत नसत. बजाबाईंनी भरून आणलेला तांब्या म्हशीपुढं ओतला.

माझ्या दारासमोर त्यांना शिंक आली नाही, याचाही मला त्या दिवशी अभिमानच वाटला. मी कट्ट्यावर बसून शिंका मोजत होतो. गणिताच्या मास्तराला ही खोड असते, जिना चढताना पायऱ्याही मोजतो. एका कोऱ्या वहीत मी पहिली ओळ लिहिली: 'महादेवप्पांचे पाहुणे, दुधनी. शिंका नऊ.'

चौथ्या दिवसापासून बोळ शिंकायला लागला. आज हे घर, उद्या ते. मी एकेक ओळ लिहीत गेलो आणि लिहिता लिहिता मला माझा धाकटा भाऊ आठवला. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत शिवपुत्र तीन दिवसांत गेला. सोमवारी शिंकला आणि गुरुवारी आम्ही त्याला पुरून आलो. आठ दिवस आधी कुणी सांगितलं असतं की असं काही येतंय, तर आम्ही त्याला माढ्याला मामाकडं धाडला असता. कुणी सांगितलं नाही, कारण कुणी लिहून ठेवत नव्हतं. पडसं केव्हा चढतं, केव्हा उतरतं, कुठून शिरतं, हे कुणाला ठाऊक असतं? मग मी ठरवलं की आपल्या बोळापुरतं तरी आपण लिहायचं आणि त्याचा रीतसर आलेख काढायचा.

आधी मागच्या दहा वर्षांचे आकडे मिळावेत म्हणून मी कचेरीत गेलो. कोणती कचेरी ते सांगत नाही, मला अजून याच गावात राहायचंय.

"पडशाचे आकडे?" कारकून म्हणाला. "आमच्याकडं पटकी आहे, देवी आहेत, प्लेग आहे, ताप आहे, इतर आहे. पडसं नाही."

"मग ते इतरमध्ये असेल."

"इतरमध्ये यायला माणूस मरावा लागतो, मास्तर. कोण मेलंय का तुमच्याकडं?"

"नाही."

"मग कसली नोंद करू? बरं, एवढे आलाच आहात तर अर्ज देऊन जा."

अर्ज लिहिणं हा माझा दुसरा अभिमान. मी तिथंच बसून वळणदार अक्षरात लिहिलं की सदर बोळात एकाच आठवड्यात सहा घरी नाकाचा व घशाचा विकार उद्भवला असून मागील आकडे मिळाल्यास उपकार होतील. एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण अर्जाचा शेवट मला बोडका वाटला, म्हणून मी खाली घातलं, 'सबब योग्य ती तजवीज व्हावी.' कारकुनानं शिक्का मारला आणि मी ते वाक्य विसरून गेलो.

बावीस घरं रोज विचारत हिंडायचं म्हणजे शाळा बुडते. म्हणून मी एक युक्ती काढली. ज्या घरात पडसं असेल त्यांनी दाराच्या चौकटीवर माणशी एक खडूची रेघ ओढायची आणि माणूस बरा झाला की पुसायची. शाळेतून येताना मी रेघा मोजून वहीत उतरवणार. खडू शाळेचा होता हे कबूल करतो, पण रेघा शास्त्रासाठी होत्या.

बोळातल्या लोकांनी ही गोष्ट एवढी मनावर घेतली की शेवटी मलाच भीती वाटायला लागली. महादेवप्पांच्या घरात अकरा माणसं. त्यांच्या चौकटीवर कुंपण उभं राहिलं आणि महादेवप्पांच्या बायकोनं, म्हणजे चन्नम्मांनी, प्रत्येक रेघेच्या पायथ्याशी रांगोळीचे ठिपके काढले. ते बघून समोरच्यांनी आपल्या दोन रेघांना वेलबुट्टी जोडली. ज्या घरात एकही रेघ नाही त्या घरातली बाई विहिरीवर जरा मागं मागं उभी राहायला लागली. बजाबाई तर सकाळी सकाळी माझ्या दारात येऊन उभ्या.

"मास्तर, म्हस दोन दिस झालं नाक गाळतीया. तिची रेघ कुटं वडू?"

"बजाबाई, यात जनावरं धरलेली नाहीत."

"का वो? ती बोळात ऱ्हात न्हाय व्हय? सगळ्या बोळाला दूद कोन देतंय?"

 शेवटी म्हशीला आखूड रेघ मंजूर केली. त्या दिवशी आलेख अर्ध्यानं चढला.

समोर राहणारे तिप्पण्णा तीस वर्षं खेडोपाडी देवी टोचून पेन्शनीत निघालेले. त्यांच्या मते जगातला प्रत्येक रोग डाव्या दंडातून शिरतो. "वहीत एक रकाना वाढवा की मास्तर," ते रोज म्हणायचे, "कुणाच्या दंडावर किती वण, ते लिवा. मग बगा." महादेवप्पांना सगळा दोष बायोस्कोपचा वाटायचा, कारण तिथं लोक अंधारात तोंड उघडं टाकून बसतात. बजाबाईंनी बोरांवर ठपका ठेवला. दाक्षायणीचं म्हणणं वेगळंच होतं. "तुम्ही रोज दारोदार जाऊन नाकं बघत बसता, नाहीतर आपोआप बरं झालं असतं," असं ती म्हणायची.

आलेख मात्र झोकात निघाला होता. मार्गशीर्षात चढला, महिनाअखेर जरा उतरला, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते तिच्यानंतर पुन्हा चढला. सगळा बोळ येऊन बघून जायचा आणि "डोंगर चांगला काढलाय" म्हणायचा. तो समजला एकट्या सावित्रम्माला. ती एके दुपारी आमचं दुधाचं भांडं परत द्यायला आली आणि वहीपाशी बराच वेळ उभी राहिली. मागची पानं उलटत राहिली. तिचं लक्ष लग्नात असेल असं मला वाटलं. गड्ड्यात तिनं मुलाला लांबून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती चूल पेटवताना गाणं म्हणते असं दाक्षायणी सांगत होती.

माघ लागला तेव्हा मी सगळा आलेख नव्यानं काढायला बसलो. आजवर घरं नंबरवार मांडली होती, या खेपेला पडसं ज्या क्रमानं लागलं त्या क्रमानं मांडली. आणि माझ्या हातातून पेन्सिल पडली. पहिली सहा घरं म्हणजे बसलिंगप्पा ज्या सहा कट्ट्यांवर बसले होते तीच, त्याच क्रमानं! सातवं महादेवप्पांचं, जिथं ते जेवले. ज्या दारांवरून ते न शिंकता पुढं गेले ती घरं कितीतरी दिवस कोरडी होती. पडसं पायानं चालत आलं होतं आणि शकुन बघत बघत बोळभर बसत आलं होतं. एवढं सरळ उत्तर मला त्रैराशिकातही कधी मिळालेलं नाही. त्या आनंदात मी दाक्षायणीला चहा करून दिला. ती घाबरली.

आता हे जगाला केव्हा सांगायचं, एवढाच प्रश्न उरला. तो सुटायच्या आत बसलिंगप्पा लग्नाच्या देण्याघेण्याच्या याद्या करायला आले. आणि त्याच सकाळी, अर्ज दिल्यापासून दोन महिने आणि सहा दिवसांनी, माझी तजवीजही आली.

तजवीज म्हणजे खाकी कोटातला एक इन्स्पेक्टर, दोन माणसं आणि फिनेलचे चार डबे. त्यांच्या कागदावर 'अज्ञात साथ' असं लिहिलं होतं. माणसांनी गटारी पांढऱ्या करायला सुरुवात केली. बोळाच्या तोंडाशी टांगा थांबला तेव्हा बसलिंगप्पांना आधी फिनेलचा वास आला, मग खाकी कोट दिसला आणि मग दोन्ही बाजूंच्या चौकटींवरच्या रेघा दिसल्या. ते तिथंच, बजाबाईंच्या कट्ट्यावर बसले. या खेपेला शिंक न येता बसले.

"प्लेगाच्या साली सरकारनं आमच्या दुधनीत अशाच खुणा केल्त्या दारांवर," ते म्हणाले. "खुणा झालेली घरं आम्ही परत भरलेली बघितली न्हाईत."

महादेवप्पा धावत आले. "बर्री मामा, या की, घरात बर्री. साधं पडसं हाय की."

"ब्याड. घरात न्हाई येत. साध्या पडशाला सरकार येतंय व्हय? गेल्या खेपेला हितनं गेलो, आन् आमच्या घरात चौदा माणसं खोकली. आमचं घर निरोगी होतं. रोग तुमच्याकडनं आला, तुमी लपवून ठेवलासा. सोयरीक ऱ्हाऊ द्या."

चन्नम्मा दारात आल्या होत्या. सावित्रम्मा त्यांच्यामागं उंबऱ्यावर उभी होती. मुलीचं लग्न रोगापायी मोडलं ही बातमी दुधनी ते सोलापूर पसरायला दोन दिवस पुरतात, आणि मग त्या घराकडं दुसरं कुणी फिरकत नाही, हे बोळातल्या प्रत्येकाला कळत होतं.

मला कळत होतं, पण त्याच्या आधी माझं डोकं भडकलं. रोग आमच्याकडनं? ज्या माणसानं स्वतः दारोदार बसून तो वाटला, तो आम्हाला सांगतो? मी घरात गेलो आणि वही आणि आलेख घेऊन बाहेर आलो. "पुरावा आहे माझ्याजवळ," मी म्हणालो. "पहिल्या शिंकेपासून लिहिलेलं आहे."

 दोन महिने ज्या वहीत नुसता डोंगर दिसला तिच्याकडं सगळे आशेनं बघायला लागले. महादेवप्पांनी हात जोडले. "मास्तरांचं खोटं नसतंय, मामा. वहीत हाय ते खरं."

बसलिंगप्पांनी मला आपल्या शेजारी बसवलं. "वाचा. पहिलं कुणाला झालं ते वाचा. ह्यांच्या घरात निघालं असंल तर मी हितनंच उठलो."

मी पहिलं पान उघडलं. 'महादेवप्पांचे पाहुणे, दुधनी. शिंका नऊ.' एवढं वाचलं की झालं. माझी वही खरी, माझा आलेख खरा, आणि हा माणूस भर बोळात खोटा. मी घसा साफ केला. तेवढ्यात माझ्यापुढं पाण्याचा तांब्या आला. सावित्रम्मा होती. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "मास्तर, पहिली ओळ मी वाचलीय."

तेवढंच. वाचा म्हणाली नाही, वाचू नका म्हणाली नाही. तांब्या माझ्यापुढं ठेवून ती मागं सरली. चूल पेटवताना ही गाणं म्हणते, हे मला त्या क्षणी आठवायला नको होतं. पण आठवलं.

"पहिली ओळ," मी वाचलं. "पंचाक्षरी मास्तर. शिंका नऊ."

"पंचाक्षरी मास्तर म्हंजे कोन?"

"मीच. शाळेत खडूची धूळ नाकात जाते, त्याचं पडसं. दरसाल होतं. माझ्याकडनं ते बोळाला झालं. साथबीथ काही नाही. त्या रेघाही मीच काढायला लावल्या, मोजायला."

बजाबाईंचे डोळे मोठे झाले. "आवं मास्तर, तुमास्नी तर कदी शिंक..."

"येते की!" दाक्षायणी दारातून ओरडली. "घरात शिंकतात ते. बाहेर दाखवत नाहीत." मग पदर तोंडाला लावून आत गेली. सतरा वर्षांच्या संसारात ती माझ्यासाठी खोटं बोललेली मला ही एकच वेळ ठाऊक आहे.

बसलिंगप्पांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हंजे मला तुमच्याकडनं झालं?"

"होय."

"आन् आमच्या घरच्या चौदांना?"

"तेही माझंच."

त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. दोष द्यायला एकच माणूस सापडला आणि तोही सोयऱ्यांच्या घरातला नव्हे, म्हटल्यावर त्यांची काही तक्रारच उरली नाही. मग शिकल्यासवरल्या माणसानं पडसं झाल्यावर घरात कसं बसावं, चारचौघांत मिसळू नये, दुसऱ्याच्या अंगावर शिंकू नये, हे त्यांनी मला अर्धा तास समजावून सांगितलं. त्या अर्ध्या तासात ते माझ्या अंगावर चार वेळा शिंकले आणि प्रत्येक शिंकेला नेमाप्रमाणं बसूनच राहिले. तिप्पण्णा मान डोलावत होते. शेवटी ते पुढं आले आणि माझ्या सदऱ्याची डावी बाही वर करून त्यांनी सगळ्यांना माझे वण दाखवले.

इन्स्पेक्टरनं कागदावर लिहून घेतलं, 'रोगाचे मूळ सापडले,' आणि उरलेले अडीच डबे माझ्या घरात ओतले. चार दिवस आमच्या आमटीला फिनेलचा वास येत होता. दाक्षायणी नुसती वाढत राहिली.

याद्या झाल्या. बसलिंगप्पांची एकच अट होती, लग्नाच्या मांडवात मास्तर नको. महादेवप्पा ती सांगायला आले तेव्हा त्यांना माझ्याकडं बघवेना. मीच म्हणालो, "बरोबर आहे त्यांचं. मी वरून बघेन."

लग्नाच्या दिवशी सगळा बोळ मांडवात आणि मी एकटा आमच्या माळवदावर, पाटावर बसलेलो. सकाळपासून नाकाच्या शेंड्याशी काहीतरी चालू होतं. ते काय असतं हे मला ठाऊक नव्हतं, चाळीस वर्षांत अनुभव नव्हता. खाली स्वामींनी मंत्र सुरू केले, लोकांनी मुठीत अक्षता धरल्या आणि ते वर चढायला लागलं. बसलिंगप्पा नवऱ्या मुलाच्या मागंच उभे होते. आत्ता वरून शिंक ऐकू गेली तर हा माणूस भर मुहूर्तावर खाली बसणार, पाणी मागणार! मी उपरणं तोंडात कोंबलं, नाक दोन्ही हातांनी दाबलं, शिवपुत्राचं नाव घेतलं, सतराचा पाढा म्हटला. सतरा नव्वे त्रेपन्नासे म्हणेपर्यंत अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि मग माझ्या नाकातून जे बाहेर पडलं त्यानं पाटासकट मी हाललो.

वाजंत्रीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. फक्त नवरीनं मान वर करून माळवदाकडं बघितलं.

तिसऱ्या प्रहरी ती सासरी निघाली. पाया पडायला घरोघर गेली, आमच्याकडंही आली. मी दारातच उभा होतो, नाक लाल, हातात ओला रुमाल. तिला काही सांगावं असं फार मनात होतं, पण तोंड उघडलं की शिंक येत होती. ती पाया पडली, दाक्षायणीच्या गळ्यात पडून रडली. मग उठून तिनं आमच्या कोनाड्यातला खडू घेतला आणि बावीस घरांत एकट्या कोऱ्या राहिलेल्या माझ्या चौकटीवर एक लांब, सरळ रेघ ओढली.

"नोंद खरी पाहिजे, मास्तर," ती म्हणाली, आणि टांग्यात जाऊन बसली.

माझं पडसं आठ दिवसांत गेलं. बोळातल्या रेघाही पुढं पुसल्या गेल्या, म्हशीची सुद्धा. दिवाळीला दाक्षायणी चौकट धुवायला ओलं फडकं घेऊन आली.

"अहो, बरं झाल्यावर पुसायची ना ही?"

"हो."

"मग पुसू?"

मी रुमाल काढला आणि उगाच नाकाला लावला. "थांब थोडी," मी म्हणालो. "अजून पुरतं बरं वाटत नाही."

तिनं रुमालाच्या घडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि रेघ सोडून बाकीची चौकट धुतली.